'अजून वेळ आहे' म्हणण्याआधी

(वाघोलीत मावशींच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो आहोत, त्यांना या गावात कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. खाणीवर, वस्तीवर, गावठाणात त्या सगळ्यांच्या मावशी होत्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्त्रीरोग विभागात नुकतीच निवासी डॉक्टर झाले होते आणि मावशींनी त्याआधी किती बाळंतपणं केली होती याचा हिशोब त्यांच्याकडेही नव्हता. आयोजकांनी मला विषय निवडायला सांगितलं. मी म्हटलं, मावशींना जे सगळ्यात चांगलं येत होतं त्याच्यावरच बोलते. बाईचे दिवस भरत आले की बाळंतपण जवळ आलं हे ओळखायचं कसं, आणि ओळखायचं कुणी.

मावशींची एक रीत होती. कुणी म्हणालं, 'हिच्या पोटात दुखतंय,' तर त्या लगेच पोटाला हात लावत नसत. जवळ बसायच्या आणि बाईला बोलतं करायच्या. माहेरून कोण येणार, चुलीवर काय चढवलंय, मोठीला शाळेत घातलं का. हात नुसता पोटावर टेकलेला. बाई बोलत असे आणि मध्येच वाक्य तोडून गप्प होई, डोळे एका जागी थांबत, ओठ आवळले जात. मावशींच्या हाताखाली पोट दगडासारखं झालेलं असे. थोड्या वेळानं पोट सैल पडे आणि बाई तुटलेलं वाक्य पुरं करी. मावशी म्हणायच्या, 'बोलता बोलता थांबली की कळ खरी. बोलत राहिली तर कच्ची.'

पुढे पुस्तकात मी हेच वाचलं. पक्क्या कळेच्या भरात बाईला बोलता येत नाही, ही आजही दवाखान्यातली एक भरवशाची खूण आहे. यंत्र लागत नाही. शेजारी बसणारं माणूस लागतं.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही. एका रात्री मावशी खाणवस्तीवरच्या एका बाईला घेऊन आम्ही काम करत होतो त्या रुग्णालयात आल्या. बाईची तिसरी खेप. मी तपासलं. पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलेलं, कळा वीस-वीस मिनिटांनी, बाळाचे ठोके चांगले. मी म्हटलं, 'अजून वेळ आहे. घरी जा, सकाळी या.' मावशी म्हणाल्या, 'बाई, हिची मागची दोन्ही बाळंतपणं तासा-दीड तासात उरकलीत.' मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. त्या दोघी टेम्पोत बसून परत निघाल्या आणि निम्म्या वाटेत बाळ आलं. मावशींनी टेम्पो रस्त्याच्या दिव्याखाली उभा करायला लावला, बाळ पुसून कोरडं केलं, आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून स्वतःचं लुगडं पांघरलं. नाळ कापली नाही, वार ओढली नाही. गाडी उलटी फिरवून परत आमच्याकडे आणली. बाईच्या अंगावरून फार गेलं होतं, दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. आई आणि बाळ दोघंही वाचली. सकाळी मावशी मला एवढंच म्हणाल्या, 'तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.'

'अजून वेळ आहे' हे वाक्य मी त्यानंतर असंख्य तोंडांतून ऐकलं. सासू म्हणते, कारण तिच्या वेळी दोन दिवस लागले होते. नवरा म्हणतो, कारण त्याला उद्याची कामावरची पाळी टाळता येत नाही. डॉक्टर म्हणतात, कारण खाट रिकामी नसते. आणि सगळ्यात जास्त वेळा बाई स्वतः म्हणते, कारण मध्यरात्री चार माणसांना उठवायचं तिच्या जिवावर येतं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण ते ठरवलं कशावरून, हा प्रश्न आपण विचारत नाही.

पहिल्यांदा दिवसांचा हिशोब घेऊ. आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. दवाखान्यातला हिशोब त्याच्या अगदी जवळचा आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी 10 जानेवारीला आली असेल तर तारीख निघते 17 ऑक्टोबर. हे झाले 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. जर्मनीतल्या नेगेले नावाच्या प्रसूतितज्ज्ञाच्या नावानं हा नियम ओळखला जातो. पण कार्डावर लिहिलेली ही तारीख रेल्वेच्या वेळापत्रकासारखी धरायची नाही. बरोबर त्याच दिवशी जन्मणारी मुलं शंभरात चार-पाच असतील. 37 आठवडे पुरे झाल्यापासून पुढे कधीही बाळंतपण होऊ शकतं. तारखेला अजून अठरा दिवस आहेत म्हणून कळा खोट्या, असं म्हणणारी शिकलीसवरली माणसं मला भेटतात. बाळानं कॅलेंडर पाहिलेलं नसतं.

बाळंतपण जवळ आल्याच्या खुणा माणसानं फार पूर्वी टिपून ठेवल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्यांचं वर्णन आहे. कूस सैल पडते, छातीवरचं बंधन सुटल्यासारखं वाटतं, ओटीपोटाकडे दुखू लागतं. मग कंबर आणि पाठ चहूकडून दुखते, पुनःपुन्हा शौचाला आणि लघवीला होतं, चिकट स्राव जातो. आजच्या परिचारिकेला विचारा, ती हेच सांगेल. मला यात अभिमानापेक्षा आश्चर्य जास्त वाटतं ते याचं, की हे लिहिणाऱ्याला कुण्या बाईनं हे सांगितलेलं असणार. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं, हे बाहेरून दिसत नाही. ते तिनंच सांगावं लागतं आणि कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं.

पुण्यात 31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांत गेलं होतं. परदेशात, परक्या भाषेत लिहिताना त्यांनी हाच विषय का घेतला असेल, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज वाटत नाही. वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 ला, त्या पुण्यातच वारल्या. त्यांना प्रॅक्टिस करता आली नाही ही या शहराच्या वैद्यकाची फार मोठी हानी आहे, आणि आपण ती नुसती जयंती-पुण्यतिथीला आठवतो.

तर खुणा. पोट उतरणं ही पहिली. पहिलटकरणीचं बाळ बहुधा दोन ते चार आठवडे आधीच खाली सरकतं, डोकं कटीत बसतं. तिला एकदम श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, जेवण चार घास जास्त जातं, पण लघवीला सारखं जावं लागतं आणि चाल बदलते. पाय फाकवून, कंबर मागे टाकून चालते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र पोट कळा सुरू होईपर्यंत उतरतही नाही. म्हणून 'पोट अजून वर आहे' हे कारण तिथं चालत नाही. काहींना आदल्या दिवशी जुलाबासारखं होतं. काहींना घर झाडून-पुसून काढायची हुक्की येते.

मग अंगावरून चिकट, लालसर धाग्यासारखं जातं. गर्भपिशवीच्या तोंडाशी चिकट बूच असतं, तोंड मऊ पडून उघडायला लागलं की ते सुटतं. ते गेल्यावर काही तासांत कळा येतील किंवा काही दिवसही लागतील. याला घाबरायचं नाही. पण चिकटपणा नसलेलं, ताजं लाल रक्त पाळीसारखं किंवा त्याहून जास्त जात असेल तर ती खूण बाळंतपणाची नव्हे, संकटाची आहे. वार खाली असेल किंवा सुटली असेल. तिथं मिनिटं मोजायची असतात.

पाणी जाणं सगळ्यांना ठाऊक आहे, पण सिनेमानं त्याची वेगळीच कल्पना करून दिली आहे. प्रत्येकीची पाणमोट धो धो फुटत नाही. कित्येकींना नुसतं ओलं लागतं आणि त्या लघवी सुटली समजून लाजेनं गप्प बसतात. सुती कापडाची स्वच्छ घडी ठेवायची, थोडं चालायचं, मग बघायचं. पाणी पुनःपुन्हा येत राहतं आणि त्याला लघवीचा वास नसतो. दिवस भरलेल्या दहातल्या साधारण एकीचं पाणी कळांच्या आधी जातं. कळा नाहीत म्हणून घरी थांबायचं नाही. पाणी गेल्यावर जंतूंना वाट मोकळी झालेली असते. आणि रंग पाहायचाच. पाणी हिरवट किंवा काळपट असेल तर बाळानं पोटातच शी केलेली असते, तेव्हा गाडी बोलवून सरळ निघायचं. हाताला किंवा डोळ्याला नाळेसारखं काही लागलं, तर बाईला कुशीवर झोपवून, कमरेखाली उशा देऊन न्यायचं, बसवून नाही.

आता कळा. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी फसगत इथं होते. शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत पोट मधूनमधून आवळून येतं आणि सुटतं. लंडनच्या जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी 1872 साली या आवळण्याचं वर्णन केलं, म्हणून पुस्तकात त्यांचं नाव आहे. आपल्या बायका अशा कळांना कच्च्या कळा, फसव्या कळा म्हणत आल्या आहेत आणि मला तो शब्द जास्त आवडतो. कच्ची म्हणजे खोटी नव्हे, अजून पिकली नाही. ती पुढच्या बाजूला जाणवते, येण्याला ताल नसतो, पाणी पिऊन, कूस बदलून, थोडं फिरून ती विरते. पक्की कळ बहुधा कमरेतून उठते, दोन्ही बाजूंनी पुढे येऊन ओटीपोटात उतरते, मांड्या भरून येतात. फिरलं तरी जात नाही, झोपलं तरी जात नाही. आणि ती तालात येते. वीस मिनिटांनी, मग पंधरा, मग दहा, मग पाच. दर वेळी थोडी लांब, थोडी जोरकस. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ मोजायचा. शेवटापासून सुरुवातीपर्यंत मोजणारे खूप भेटतात आणि त्यांचा हिशोब चुकतो. कागदावर पाच-सहा वेळा घड्याळ बघून लिहिलं की चित्र आपोआप दिसतं.

पुस्तकात पहिलटकरणीसाठी साधारण असं सांगतात की पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावं. हा आडाखा दवाखाना पंधरा मिनिटांवर असलेल्या गावांसाठी आहे. वाघोलीसाठी मी तो बदलते. पहिलटकरणीनं दहा मिनिटांच्या तालावर तयारीला लागावं आणि सात-आठ मिनिटांवर निघावं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईनं ताल लागला की निघावं, मिनिटं मोजत बसू नये. आधीचं सिझर असेल तिनं तर पहिली पक्की कळ आली की फोन करावा, कारण जुन्या टाक्याला ताण सोसवत नाही. दवाखान्यात जाऊन 'अजून वेळ आहे' म्हणून परत पाठवलं तर लाज वाटून घेऊ नका. तीनदा परत आलेली बाई चौथ्या वेळीही हक्कानं गेली पाहिजे. आम्हा डॉक्टरांनाही मी सांगते. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं प्रसूतीची जोरकस अवस्था पाच सेंटिमीटरपासून धरायला सांगितलं, ते उगीच घाई करून कळा वाढवू नयेत, सिझरकडे धाव घेऊ नये म्हणून. दोन बोटं उघडलेल्या बाईला सोळा किलोमीटर परत धाडावं म्हणून नाही.

दुखण्याला आपल्या भाषेत किती शब्द आहेत पाहा. कळ येते, चमक निघते, गोळा येतो, ओटीपोट जड होतं, कंबर धरते, कंबर फुटते, अंग मोडून येतं. यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. आम्ही मात्र सगळ्यांना एकच विचारतो, 'दुखतंय का?' आणि कष्टाची सवय असलेली बाई म्हणते, 'नाही.' खाणीवर बाया नवव्या महिन्यापर्यंत खडी उचलतात. कंबर रोजच दुखते, त्यात आजची वेगळी कशी कळावी? म्हणून विचारायचं, पोट कडक होतं का, होऊन सुटतं का, किती वेळानं परत होतं.

आणखी काही खुणा आहेत ज्या बाळंतपणाच्या म्हणून खपतात आणि नसतात. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येतायत, तोंड-हात सुजलेत, छातीखाली दुखतंय, हा रक्तदाब आहे. त्यातून झटके येतात. ताप आहे, थंडी वाजतेय, हेही थांबण्याचं नाही. आणि एक समज मुळातून उपटला पाहिजे. बाळंतपण जवळ आलं की बाळ शांत होतं, असं घरोघरी सांगतात. बाळ शांत होत नाही. जागा कमी पडते म्हणून हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी लोळण जाणवते, पण हालचाल कमी होता कामा नये. रोजच्यापेक्षा कमी वाटली की त्याच दिवशी दाखवायचं, 'उद्या बघू' नाही.

37 आठवड्यांच्या आत तालात पोट आवळलं, पाणी गेलं, कंबर आणि ओटीपोट एकदम जड झालं, तर तेही लगेच दाखवायचं. तिथं लवकर पोहोचण्याचा अर्थ निराळा असतो. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देता येतात आणि त्यांचा पुरा गुण यायला एक-दोन दिवस मिळावे लागतात. अपुऱ्या दिवसांची भीती असलेल्या काही बायकांच्या पिशवीच्या तोंडाला टाका घालतात. तो टाका जगभर ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते डॉ. वि. ना. शिरोडकर गोव्याच्या शिरोड्याचे आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयातले. तो टाका ज्या बाईला आहे तिच्या घरच्यांनी कळा दिसताच आधी तेच सांगायचं.

कळा वाढवण्यासाठी एरंडेल पाजू नका. आणि घरी येऊन कळांचं इंजेक्शन टोचणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. दवाखान्यात ते औषध सलाइनमधून, ठोके बघत, थेंबाथेंबानं देतात. एकदम टोचलं तर पिशवी फाटते. हे मी पाहिलेलं आहे आणि ते मला पुन्हा पाहायचं नाही.

आता गावातून दवाखान्यापर्यंतचा रस्ता. 1994 साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी बाळंतपणात बायका का दगावतात याची मांडणी तीन विलंबांत केली. जायचं ठरवायला उशीर, पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. वाघोलीत मला ही मांडणी रोज दिसते. 2021 साली पुणे महापालिकेत 23 गावं आली, त्यात आपलं गाव होतं. कागदावर आपण शहर झालो. पण आपल्या केसनंद फाट्यापासून ससून रुग्णालयापर्यंतचा पंधरा-सोळा किलोमीटरचा नगर रस्ता पहाटे तीनला एक असतो आणि संध्याकाळी सातला दुसराच असतो. खराडी बायपासला अडकलेल्या गाडीतल्या बाईच्या कळा सिग्नल सुटेपर्यंत थांबत नाहीत. दुसरा विलंब तुमच्या-माझ्या हातात नाही, रस्ता रुंद करणं आपल्याला जमणार नाही. म्हणून पहिला विलंब कमी करायचा. घरात वाचलेला अर्धा तास रस्त्यावर खर्चायला मिळतो.

याच रस्त्यानं पुढे कोरेगाव भीमाच्या पलीकडे वढू बुद्रुक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात 1944 साली रुजू झालेल्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात तिथं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. त्या स्वतः प्रसूतितज्ज्ञ होत्या. चाळीस खाटांचं प्रसूतिगृह त्यांनी मोठं रुग्णालय केलं. आणि तरी त्यांना उमगलं की बाई दवाखान्याच्या दारात येते तेव्हा निम्मी गोष्ट घडून गेलेली असते. म्हणून त्यांनी खेड्यातल्याच बायकांना शिकवलं. रस्ता धरून नगरच्याही पुढे गेलात तर जामखेड लागतं. तिथं 1970 पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली. अवघड बाळंतपण आधीच ओळखून पुढे पाठवायला त्या शिकल्या. आरोळे दांपत्याला 1979 साली आणि बानूबाईंना 1993 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या दोन्ही कामांची मुळं एकाच ठिकाणी आहेत. शेजारच्या बाईला कळलं पाहिजे.

त्यानंतर पुष्कळ बदललं, आणि चांगलं बदललं. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू 2014-16 मध्ये 61 होते, ते 2018-20 मध्ये 33 वर आले. आशाताई आल्या, 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत झाली, 2014 पासून 108 ची गाडी धावू लागली, दर महिन्याच्या 9 तारखेला तज्ज्ञ डॉक्टरांची मोफत तपासणी होते. हे सगळं माणसांनी कष्टानं मिळवलं आहे.

पण या सगळ्यात मावशी गेल्या. घरातली बाळंतपणं थांबली हे योग्यच झालं. मात्र त्यांच्याबरोबर शेजारी बसून ओळखणारा डोळाही गेला. आज वाघोलीत दोन तऱ्हेच्या बायका नवव्या महिन्यात एकट्या असतात. एक खाणीवर किंवा बांधकामावर, पत्र्याच्या खोलीत. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, छत्तीसगढमधून आलेली, मुकादमाचा नंबर असलेली, दवाखान्याचा नसलेली. दुसरी त्याच बांधकामातून उठलेल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर. आई लातूरला किंवा नागपूरला, तिकीट काढलंय तारखेच्या चार दिवस आधीचं. नवरा रात्री अमेरिकेशी फोनवर. तिच्याकडे कळा मोजायचं ॲप आहे. ॲप मिनिटं मोजतं, पण वाक्य मध्येच तुटलं हे त्याला कळत नाही. या दोघींमध्ये एक भिंत आणि एक गेट आहे, आणि दोघींचीही अडचण एकच आहे.

म्हणून माझं मागणं सोसायट्यांच्या चेअरमनना आहे, मुकादमांना आहे, खाणमालकांना आहे. आठवा महिना लागला की त्या बाईचं नाव चार माणसांना माहीत हवं. कुठल्या दवाखान्यात नाव घातलंय, तो दिवसा किती लांब, रात्री किती लांब, आणि 108 ची गाडी आली नाही तर कुणाची गाडी. माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, सोनोग्राफीचे कागद, बाळाचे दोन धुतलेले कपडे एका पिशवीत दाराशी. रात्रीच्या वॉचमनला 108 तोंडपाठ हवा आणि गेट कुणाला न विचारता उघडायची मुभा हवी. नवऱ्यांनो, शेवटच्या महिन्यात रोज रात्री दहा मिनिटं हात पोटावर ठेवून गप्पा मारा. मावशींची सगळी विद्या त्यात आहे आणि ती शिकायला फी नाही.

मावशींना मी शेवटचं भेटले तेव्हा त्या खाटेवर होत्या, उठता येत नव्हतं, नजरही अधू झालेली. मी त्यांचा रक्तदाब बघत होते. शेजारची सून चहा घेऊन आली, कप ठेवला आणि वळून गेली. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, 'हिची चाल बदलली. कालपर्यंत अशी चालत नव्हती. विचार बरं तिला.' मी तिला परत बोलावलं. ती म्हणाली, 'काही नाही हो डॉक्टर, सकाळी पाणी भरलं म्हणून कंबर धरलीय.' मी म्हटलं, पोट कडक होतं का? ती विचार करून म्हणाली, 'होतं. मग सुटतं.' किती वेळानं? ते तिला सांगता येईना. तेवढ्यात मावशींनी तिला खाटेवर बसवलं आणि विचारलं, 'माहेरी कळवलंस का गं?' ती सांगू लागली, भावाला फोन केलाय, तो शनिवारी यायचा म्हणालाय, पण त्याची बायको, आणि मध्येच थांबली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीची किल्ली उचलली.